प्रतिध्वनी बिघडला? आधी ऑक्सिजन बघा: वायबीसीओचा ध्वनिवेग मोजताना या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात द्रव नायट्रोजन येतो तो गुरांच्या दवाखान्यातून. मागच्या मे महिन्यात त्यात वायबीसीओचा (इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनचं सिरॅमिक) तुकडा बुडवला, वर चुंबक ठेवला. कॅन घेऊन आलेले काका वाकून बघत म्हणाले, “काऊन जी सर, हा तरंगून नाही राहिला?”

तुकडा खराब समजून फेकू नका. पहिली चूक तीच. पूर्ण ऑक्सिजन असलेला (रासायनिक सूत्रात ऑक्सिजनचा आकडा सातच्या जवळ) वायबीसीओ ९२ केल्व्हिनला अतिवाहक होतो, म्हणजे वीज विनाअडथळा वाहते आणि चुंबक वर तरंगतो. ऑक्सिजन ६.६च्या आसपास उतरला की तेच तापमान ६०वर येतं, आणि नायट्रोजन तर ७७वरच उकळतो! सहाच्या जवळ गेला तर अतिवाहकता उरतच नाही. आमच्याकडे आदल्या रात्री लाइट गेली होती. भट्टी भराभर निवली, ऑक्सिजन आत शिरायच्या ४००-५०० अंश सेल्सियसच्या टप्प्यात तुकडा थांबलाच नाही.

दुसरी चूक जास्त महाग पडते. भुकटी दाबून भाजलेल्या गोळीची कृती एकसंध स्फटिकाला लावू नका. सच्छिद्र गोळी रात्रभरात ऑक्सिजन पिते, घट्ट स्फटिकाला त्याच तापमानाला कित्येक दिवस लागतात. घाई केली तर साल भरलेली, गाभा उपाशी. दोन्हींचा ताठरपणा वेगळा, म्हणून ध्वनीचा वेगही वेगळा. वेग मोजताना प्रोब तुकड्यात ध्वनीचा ठोका सोडतो, पलीकडून प्रतिध्वनी परतायला लागलेला वेळ आणि जाडी यांवरून वेग निघतो. अशा तुकड्यात ऑसिलोस्कोपवर प्रतिध्वनीचं टोक पसरट दिसतं आणि आपण प्रोबला शिव्या घालतो. प्रतिध्वनी थंड करताना एकदम नाहीसा झाला, तर मात्र आधी प्रोब आणि तुकडा जोडणारं ग्रीस तडकलंय का ते तपासा.

जाडी पुन्हा मोजायला विसरू नका. ऑक्सिजन सातवरून सहावर गेला की सी-अक्ष (स्फटिकातल्या मूळ घटकाची उंची) ११.६८वरून ११.८२ अँगस्ट्रॉम होतो. जुनीच जाडी धरली तर वेगात टक्काभर चूक तिथेच. वजनही करा: तेवढ्याच बदलात एका ग्रॅममागे २४ मिलिग्रॅम घटतात, साधा अ‍ॅनालिटिकल काटा ते सहज दाखवतो.

आणि वहीत तारीख लिहा. झटकन थंड केलेल्या, ऑक्सिजन कमी असलेल्या स्फटिकात ऑक्सिजनचे अणू खोलीच्या तापमानालाही हळूहळू तांब्याच्या अणूंसोबत साखळ्यांत लागतात. एकूण ऑक्सिजन तेवढाच, तरी काही दिवसांत संक्रमण तापमान (ज्याला तुकडा अतिवाहक होतो ते) चढतं. सोमवारचं आणि शनिवारचं माप जुळलं नाही तर पोरांवर ओरडू नका. नवतपात तर ही मांडणी आणखी लवकर होते.

पावसाळ्यात तुकडे सिलिका जेलच्या डब्यातच ठेवा. पाणी लागलं की वायबीसीओ विघटतो, मग मोजायला उरतो तो बेरियमचा पांढरा थर.