ऑइल चेंबरचा बोल्ट सुटत नसेल तर

ऑइल बदलायला गाडीखाली शिरलात आणि चेंबरचा, म्हणजे इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याचा, तेल काढायचा बोल्ट हलायलाच तयार नाही, तर लगेच पान्याला पाइप चढवू नका. आधी तो का अडकला ते समजून घ्या. या बोल्टचे आटे सतत तेलात असतात, त्यामुळे तो गंजून बसलेला क्वचितच सापडतो. बहुतेक वेळा मागच्या खेपेला कुणीतरी तो नको तितका आवळलेला असतो. म्हणून गंज सोडवणारा स्प्रे इथे फारसा कामाचा नाही. डोक्यावर पान्याची पकड घट्ट बसणं महत्त्वाचं.

गाडी कुठे उभी करता यावर जीव अवलंबून आहे. काळ्या मातीच्या अंगणात जॅक हळूहळू रुततो, पावसाळ्यात तर बघता बघता. सिमेंटचा ओटा किंवा पक्की जागा नसेल तर जॅकखाली आणि स्टँडखाली (उचललेली गाडी ज्यावर टेकवतात तो लोखंडी आधार) जाड, रुंद लाकडी फळी घाला. हँडब्रेक ओढा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावा. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली जाऊ नका. विटांवरही गाडी ठेवू नका. वीट सांगून फुटत नाही.

इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा. चेंबर अॅल्युमिनियमचं असेल तर ते लोखंडी बोल्टपेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि आटे थोडे सैल होतात. मात्र गाडी नुकतीच लांबून आली असेल तर अर्धा-पाऊण तास थांबा. उकळतं तेल मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळतं.

आता बोल्टचं डोकं साफ करा. पांदण रस्त्याचा चिखल त्याच्या कोपऱ्यांत वाळून दगड झालेला असतो आणि त्यावर पाना अर्धवटच बसतो. तारेच्या ब्रशने घासा, डिझेलच्या चिंधीने पुसा, सहाही कोपरे स्पष्ट दिसू द्या. डोकं साधारण १४, १७ किंवा १९ मिमीचं असतं. सहा कोपऱ्यांची गोटी (सॉकेट) घ्या, बारा कोपऱ्यांची नको. बारावाली फक्त टोकांना धरते आणि डोकं गोल करते. जुन्या ट्रॅक्टरच्या डब्यातले इंची पाने इथे घात करतात: ११/१६ चा पाना १७ वर बसल्यासारखा वाटतो, पण जवळपास अर्धा मिमी सैल असतो.

गोटी पूर्ण बसवा आणि तिच्या मागच्या बाजूवर हातोडीने पाच-सहा नेमके ठोके द्या. दाबून बसलेला वायसर या हादऱ्याने सुटतो. चेंबरवर ठोका पडू देऊ नका, अॅल्युमिनियम तडकतं. मग दांडा डोक्याकडे बघत घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवा. खाली उताणं पडल्यावर दिशा चुकते आणि माणूस बोल्ट अजूनच आवळतो, तेव्हा आधी बाहेर बसून हाताने दिशा नक्की करा. गोटी एका हाताने दाबून धरा, दुसऱ्या हाताने झटका द्या. नाहीच सुटला तर दोन फुटांचा पाइप लावा, पण गाडी स्टँडवरून हलणार नाही अशा बेताने सावकाश ओढा.

डोकं गोल झालंच तर एक नंबर लहान गोटी, म्हणजे १७ ला १६, ठोकून बसवा. त्यानेही नाही तर व्हाइस ग्रिप, म्हणजे आवळून लॉक होणारी पक्कड. यापुढे छिन्नी चालवण्यापेक्षा थांबलेलं बरं. बोल्ट घट्ट आहे आणि तेल गळत नाही तोवर गाडी तालुक्याच्या गॅरेजपर्यंत व्यवस्थित जाते. तेलाने भरलेल्या चेंबरवर गॅस किंवा वेल्डिंगची आच मात्र कधीच नको. ड्रिलने भोक पाडलं तर कीस आत पडतो.

बोल्ट नुसताच फिरतोय, बाहेर येत नाही, असं झालं तर आटे गेलेत. वायसरखाली पेचकस घालून बाहेरच्या बाजूला हलका जोर देत फिरवा. निघालेल्या बोल्टच्या आट्यांत चांदीसारखा कीस अडकलेला दिसला, तर तो चेंबरच्या अॅल्युमिनियमचा आहे. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळून भागवू नका, नवे आटे पाडून घ्या.

बसवताना वायसर नवा घ्या. बोल्ट आधी तीन-चार वेढे हातानेच जायला हवा. जड गेला तर काढून परत सरळ लावा. किती आवळायचा तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. समजा ३५ न्यूटन-मीटर लिहिलंय, तर फूटभर पान्याच्या टोकाला सुमारे १२ किलोचा जोर होतो. एवढा जोर मनगटाने लागतो, पायाने नाही.

चाकाच्या नटाची गोष्ट वेगळी. तो खरोखर गंजतो, म्हणून रात्री आट्यांवर डिझेल सोडा आणि सकाळी चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच सैल करा, मग जॅक लावा.

काढलेलं तेल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. विहिरीजवळ किंवा धुऱ्यावर ओतू नका.