गाडी भंगारात गेली, नंबर कुठे गेला?

गॅरेज दादाचं, फायली माझ्या. सांगलीत गेली अठरा वर्षं आमची अशीच वाटणी आहे. त्याला बॉनेट उघडल्याशिवाय चैन पडत नाही आणि मला आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, वाचल्याशिवाय. त्यामुळे कुणी "ही गाडी भंगारात काढायचीय" म्हणत आलं की दादा वजनाचा अंदाज सांगतो आणि मी विचारते, "आरसी कुठाय? कर्जाचा बोजा उतरलाय का?" लोक हसतात. लोखंडाला कसले कागद, ताई?

2019 च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरल्यावर आमच्या दारात गाड्यांची रांग लागली. सगळ्यांच्या डॅशबोर्डात गाळ, वायरिंग सडलेलं, एकीच्या सीटखाली तर मेलेला मासा. बहुतेक 'टोटल लॉस', म्हणजे दुरुस्त करणं परवडणारच नाही अशा. त्यात एका निवृत्त मास्तरांची पांढरी हॅचबॅक होती. विम्याचे पैसे मिळाले आणि सांगाडा त्यांच्याकडेच राहिला. तो एका गिऱ्हाइकाने जागेवर रोख देऊन उचलला. मास्तरांनी आरसी दिली, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या दिल्या आणि हात झटकले. दोन वर्षांनी त्यांच्या मोबाइलवर चलान आलं, ज्या शहरात ते कधी गेलेच नव्हते तिथलं. फोटोत तीच गाडी, तोच रंग, तोच नंबर, आणि चकचकीत! चलानामागून पोलिसांचा फोनही आला.

हे कसं होतं ते आधी समजून घ्या, मग पुढच्या खटाटोपाचा कंटाळा येणार नाही. चोरट्याला तुमचं लोखंड नको असतं, सांगाड्यावर ठोकलेला चेसी नंबर आणि आरसी हवी असते. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरायची, तिचा पंच केलेला नंबर कापायचा, तिथे तुमच्या सांगाड्यावरचा तुकडा वेल्ड करायचा आणि तुमच्या आरसीवर ती विकायची. टोटल लॉसच्या सांगाड्याचे भाव विचारून बघा. दोन आकडे मिळतात, आरसीसकट आणि आरसीशिवाय. आरसीसकटचा आकडा मोठा असतो. काही जण खरंच दुरुस्त करून चालवायला घेतात, हे मान्य. पण त्या वरच्या पैशांत तुम्ही नेमकं काय विकताय, एवढं स्वतःला विचारा.

आता करायचं काय.

गाडी अपघातात किंवा पुरात गेली असेल आणि विमा असेल, तर दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांपुढे गेला की ती टोटल लॉस धरतात. (पाण्यात बुडालेल्या गाडीला चुकूनही सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी ओढलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हे नुकसान तुम्ही केलं म्हणून सर्वेअर, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणारा माणूस, बोट दाखवतो.) सांगाडा कंपनी घेणार की तुम्ही ठेवणार, हे सर्वेअरकडून लेखी घ्या. तुम्ही ठेवणार असाल तर नोंदणी रद्द करण्याचा अर्ज लगेच आरटीओत टाका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकाने 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर कळवायचं आणि आरसी जमा करायची असते. हे कलम कुणी वाचत नाही. मास्तरांनीही वाचलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मीही त्यांना बजावून सांगितलं नव्हतं.

गाडी नुसतीच म्हातारी झाली असेल तर मार्ग सरळ आहे. 2021 च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने वाहन स्क्रॅपिंग (गाडी रीतसर तोडणाऱ्या) केंद्रांचे नियम काढले. तेव्हापासून नोंदणीकृत केंद्रं आहेत. परिवहनच्या व्ही-स्क्रॅप पोर्टलवर त्यांची यादी मिळते आणि अर्जही तिथूनच होतो. अर्जाआधी चार गोष्टी निस्तरा, नाहीतर तिथेच अडकाल. बँकेचा बोजा: कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं. बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 घेऊन ते उतरवा. दुसरं, थकलेली चलानं. तिसरं, थकलेला कर. आमच्याकडे पंधरा वर्षांपुढच्या गाडीचा पर्यावरण कर हमखास राहिलेला निघतो. चौथं, गाडी पोलीस केसमध्ये किंवा काळ्या यादीत नाही ना. गाडी चोरीची नाही हे स्क्रॅपिंग केंद्रही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीवरून तपासतं. मालक वारले असतील तर आधी वारसाचे कागद. यात वेळ जातो, घरात भांडणंही होतात, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

गाडी केंद्रात सोडली की 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं. ते म्हणजे गाडी जमा झाल्याची पावती. प्रत्यक्ष तोडल्यावर दुसरं मिळतं, 'सर्टिफिकेट ऑफ व्हेइकल स्क्रॅपिंग'. बरेच जण पहिलं घेऊन घरी जातात आणि दुसऱ्याची चौकशीच करत नाहीत. दोन्ही घ्या. त्यानंतर महिन्याभराने एम-परिवहन अॅपमध्ये नंबर टाकून गाडीची नोंदणी रद्द दिसते का, ते स्वतः बघा. मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडून तो स्क्रीनशॉट मागते. 'अॅक्टिव्ह' दिसलं तर काम झालेलं नाही.

पहिल्या पावतीचा आणखी एक उपयोग आहे. नवी गाडी घेताना ही पावती दाखवली की नोंदणी शुल्क माफ होतं आणि करातही सूट मिळते. केंद्र सरकारच्या नियमात खासगी गाडीला 25 टक्क्यांपर्यंत, व्यावसायिक गाडीला 15 टक्क्यांपर्यंत म्हटलंय. प्रत्यक्ष किती द्यायची ते राज्य ठरवतं, म्हणून नवी गाडी बुक करण्याआधी आरटीओत विचारा. विम्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) साठला असेल तर त्याचंही पत्र कंपनीकडून घ्या, तीन वर्षांपर्यंत चालतं. फास्टॅग बंद करा.

"पण नाक्यावरचा भंगारवाला दोन हजार जास्त देतोय." देईल की! त्याला बॅटरीतलं शिसं, वायरिंगमधलं तांबं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधलं प्लॅटिनम-पॅलेडियम दिसतं. ऑइल आणि कूलंट मात्र गटारात जातं, एसीचा गॅस हवेत. नोंदणीकृत केंद्रात हे सगळं आधी काढून घेतात, मगच कटर लावतात. सीएनजीची टाकी असलेली गाडी तर अशा माणसाकडे देऊच नका. उरलेल्या गॅसवर गॅस कटर म्हणजे काय ते सांगायला नको. आणि नंबर तुमच्याच नावावर राहतो, ते वेगळंच. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक.

हे झालं देणाऱ्याचं. जुना पार्ट विकत घेणाऱ्याने काय बघायचं, हा दादाचा प्रांत, पण बिलं माझ्याकडे येतात म्हणून सांगते. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी हे जुन्या मालाचे मोठे बाजार. तिथे बसणारा प्रत्येक जण चोर नाही, दादाचे तिथे वीस वर्षांचे ओळखीचे आहेत. पण मीरतचा सोतीगंज चोरीच्या गाड्या फोडण्यासाठीच बदनाम होता आणि 2021 च्या डिसेंबरात पोलिसांनी तो बंद पाडला, हेही खरं.

दरवाजा, काच, बंपर, हेडलाइट, सीट, अल्टरनेटर, सेल्फ हे जुनं घ्यायला दादा हरकत घेत नाही. ब्रेक, स्टीअरिंग, सीटबेल्ट, एअरबॅग मात्र नवंच. एअरबॅगवरून त्याचं आणि एका गिऱ्हाइकाचं असं वाजलं होतं की मला मधे पडावं लागलं. अपघातातल्या गाडीची बॅग बाहेरून चांगली दिसते, आत काय झालंय ते टेबलावर ठेवून कळत नाही.

इंजिन जुनं घेताय? तर बिलावर इंजिन नंबर, ज्या गाडीतून निघालं तिचा नंबर आणि विकणाऱ्याची सही-शिक्का हवाच. शक्य असेल तर त्या गाडीच्या स्क्रॅप सर्टिफिकेटची झेरॉक्स. इंजिन नंबरावर पांढरा कागद ठेवून पेन्सिल घासा, आरटीओत पासिंगला घेतात तशी. आकडे एका रेषेत, एका खोलीचे यायला हवेत. एखादा आकडा उथळ किंवा आजूबाजूला ग्राइंडरची खरवड असेल, तर भाव कितीही पडला तरी उठा तिथून. चोरीचा माल बाळगणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे आणि "मला माहीत नव्हतं" म्हणायला हातात बिल लागतं. इंजिन बसवल्यावर 14 दिवसांत आरटीओत कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्या. ते राहिलं तर पुढे गाडी विकताना किंवा क्लेमच्या वेळी सर्वेअर पेन्सिल घासतो आणि नंबर जुळत नाही.

मास्तरांचं प्रकरण मिटायला चौदा महिने लागले. विम्याच्या सर्वेअरने काढलेले गाळाने भरलेल्या गाडीचे फोटो मी फाइलला ठेवले होते, त्यांनीच वाचवलं. सांगाडा विकल्याची पावती मास्तरांकडे नव्हती, घेणाऱ्याचा फोन बंद. आता ते गॅरेजवर आले की आपल्या नव्या गाडीची आरसी माझ्या टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "बघ गं, सगळं जागेवर आहे ना?"