लिस्बनमध्ये वाट चुकली? उतार धरा

लिस्बनला एकट्याने जात असाल, तर पहिल्या दिवशी फोनमधल्या नकाशाकडे सारखं बघू नका. शहराच्या दक्षिणेला तेजो नदी आहे. आल्फामा या टेकडीवरच्या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत हरवलात की उताराला लागा, बहुतेक वेळा नदीकाठीच बाहेर पडता.

नदीकाठच्या प्रासा दु कोमेर्सिउ चौकातून सुरुवात करा. मागचा बायशा भाग १७५५च्या भूकंपानंतर नव्याने आखलेला, म्हणून रस्ते सरळ, काटकोनात. आल्फामा त्या भूकंपातून बराचसा वाचला, त्यामुळे तिथे अजून जुनी वाकडीतिकडी बोळं आणि पायऱ्या. कॅथेड्रलवरून चढत पोर्ताश दु सोल या उंचावरच्या सज्जाला पोचा. लाल कौलांपलीकडे नदी दिसते, तिथे निवांत बसा. २८ नंबरची ट्राम इथूनच जाते, पण तिच्यात तुडुंब गर्दी आणि खिसेकापूंचा त्रास असतो. चढ झेपत असेल तर पायीच बरं.

बूट मात्र चांगल्या पकडीचे हवेत. फुटपाथचे चुनखडीचे दगड झिजून गुळगुळीत झालेत, पावसात फार निसरडे होतात.

बेकरीत 'पांव' ऐकू आलं की थबकायला होतं. आपला पाव, बटाटा, चावी हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेत, आणि परक्या गावात एकटं असताना त्यांचा खरंच आधार वाटतो. जेवायला बसल्यावर न मागता पाव, ऑलिव्ह समोर येतात. ते फुकट नसतात. नको असतील तर हात न लावता परत न्यायला सांगा, कुणी वाईट वाटून घेत नाही.