लेगोचं माणदेशी गाव बांधायचंय? मग आधी पाऊस ठरवा

लेगोतून जुन्या काळातलं गाव करायचं म्हटलं की सगळे आधी बुरूज नाहीतर राजवाडा बांधायला घेतात, पण माझं म्हणणं असंय की आधी गाव कुठल्या भागातलं ते ठरवा. आपल्या सातारा जिल्ह्यातच बघा ना, जावळी-पाटणकडं धो धो पाऊस म्हणून उतरती गवताची छपरं, आणि माण-खटावला पाऊसच कमी म्हणून सपाट धाब्याची घरं. हे ठरलं की ठोकळे कुठले, रंग कुठला, सगळं सुटत जातं. मी इथं यादव-बहामनी काळातलं माणदेशी गाव धरून सांगतोय.

आता माप. लेगोचा माणूस साधारण ४ सेंमी उंच, म्हणजे स्केल झाला १:४०. ३२ बाय ३२ स्टडची (स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा) एक बेसप्लेट, म्हणजे तळाची पाटी, २५.६ सेंमीची, अशा चार चौकोनात जोडल्या तरी खऱ्यातली जागा जेमतेम २० बाय २० मीटर होते, त्यामुळं अख्खं गाव करायचा नाद सोडा, वेशीपासून पारापर्यंतचा तुकडा घ्या आणि तोच मन लावून करा. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर सगळ्यांना करावीशी वाटते, पण तिचा व्यास साधारण ५० फूट, ती एकटीच ३८ सेंमी खाईल आणि तशीही ती १८व्या शतकातली आहे. एका मोटेची साधी विहीर करा.

बेसप्लेटवर थेट घरं उभी करू नका. आधी खाली पोरांचे लाल-पिवळे-निळे ठोकळे भरून जमीन उंचसखल करा, ते दिसणार नाहीत, आणि वर टॅन (फिका मातकट रंग) आणि गडद टॅन प्लेटा, म्हणजे पातळ ठोकळे, टाका. घरं एका ओळीत नकोत, जम्पर प्लेट (मधोमध एकच स्टड असलेली) वापरून अर्धा स्टड सरकवा, गल्लीला आपोआप वाक येतो.

भिंतीला वेळ द्या, सगळं खरेपण तिथंच आहे. जाडी दोन स्टड, म्हणजे खऱ्यातली दोनेक फूट, मातीची भिंत असतेच तेवढी. उंची आठ विटा. खालचे दोन-तीन थर गडद राखाडी, त्यात मधेमधे दगडी टेक्सचरच्या १ बाय २ विटा, आणि वर टॅन, पण सगळं एकाच रंगाचं नको, सात-आठ विटांमागं एखादी गडद घाला म्हणजे पावसाने ओघळलेली माती वाटते. छताच्या खाली तपकिरी गोल १ बाय १ विटा बाहेर काढा, ती तुळयांची टोकं. वर टाईल (बिनस्टडची गुळगुळीत प्लेट) लावून सपाट करा, उजेडाला नि धुराला एक साणं सोडा, आणि एका बाजूला पन्हळ. खिडक्या जवळपास नकोतच, दार पाच विटांचं पुरे.

देवळाशेजारी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, हवाच, सांगली-साताऱ्याकडं जुन्या देवळांजवळ अजून दिसतात. बाजूला स्टड असलेली वीट उभी करून तिच्यावर राखाडी प्लेटांचे तीन कप्पे करा, खाली लढाई, मधे अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. एवढ्या बारीक मापात चेहरे जमत नाहीत पण कप्पे दिसले तरी बघणारा ओळखतो. वेशीबाहेरची वस्तीही दाखवा, ती गाळून केलेलं गाव खोटं.

मंगलोरी कौलं घालू नका, त्यांचा पहिला कारखाना १८६०च्या दशकातला. आणि अंगणात लाल मिरच्या वाळत घालायचा मोह होतो, लाल १ बाय १ प्लेटा छान दिसतात पण, तर तेही नको, वास्को द गामा आला १४९८ ला आणि मिरची पोर्तुगीजांनी त्यानंतर आणलेली. त्याऐवजी टॅन रंगाच्या बारीक प्लेटा पसरून ज्वारीचं खळं करा, मधे मेढ रोवा आणि भोवती बैल. लेगोची गाय मिळते, शिंगं लावली की काम भागतं.