नगरसेवक दोन-तीन महिने नसणार असेल तर जायच्या आधी काय काय लावून ठेवायचं

बाळंतपण असो, ऑपरेशन असो, मुलीकडे परदेशात जायचं असो, नगरसेवकालाही कधीतरी प्रभाग सोडून राहावं लागतंच, त्यात चुकीचं काही नाही. पण 2025 च्या डिसेंबरमध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या त्याच्या आधी कितीतरी गावांत वर्षानुवर्षं प्रशासकच होता, तक्रार घेऊन जायला आपलं असं माणूसच नव्हतं, आणि आता कुठे मिळालंय तर त्याचा फोन बंद लागला की लोकांना ते फार लागतं. म्हणून जाण्याच्या निदान महिनाभर आधीपासून तयारीला लागा.

सगळ्यात पहिलं म्हणजे काय सोपवता येतं आणि काय नाही हे स्वतःच्या डोक्यात पक्कं करा. सभेतलं मत आणि तुमची सही ह्या दोन गोष्टी कोणालाच देता येत नाहीत, नवऱ्याला नाही, मुलाला नाही, पक्षाच्या शहराध्यक्षालाही नाही. बाकी धावपळ, पाठपुरावा, लोकांचं ऐकून घेणं, टँकर आला का बघणं, हे सगळं देता येतं आणि द्यायलाच पाहिजे.

मग कागदपत्रं. नगरपरिषदेकडे रजेचा लेखी अर्ज द्या, कारण आणि तारखा लिहून, आवक-जावकला पोच घेऊन, आणि तो सभेपुढे ठेवला जाईल हे बघा, कारण परवानगीशिवाय सभांना लागोपाठ गैरहजर राहिलं तर सदस्यत्वच धोक्यात येऊ शकतं. तुमच्या बाबतीत नेमकी मुदत किती ते मुख्याधिकाऱ्यांकडून लेखी विचारून घ्या, ऐकीव माहितीवर राहू नका. पक्षाच्या चिन्हावर निवडून आला असाल तर गटनेत्यालाही वेगळं पत्र द्या. हे बरेच जण विसरतात. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या सदस्यांसाठी 1986 चा अपात्रता कायदा आहे, त्यात व्हीपच्या, म्हणजे मत कसं द्यायचं ह्या पक्षाच्या आदेशाच्या, विरोधात मत देणं आणि व्हीप असताना मतदानालाच न जाणं, दोन्ही गोष्टी अंगाशी येतात, त्यामुळे आधी परवानगी घेतली होती हे कागदावर असलेलं बरं. विषय समितीचे सभापती असाल तर समितीच्या बैठका तुमच्याविना कशा चालतील ते नगराध्यक्ष आणि मुख्याधिकाऱ्यांशी बोलून जा, फायली तुमच्या टेबलावर अडकून राहायला नकोत.

आता माणूस कोण ठेवायचा. नगरपरिषदेत एका प्रभागात बहुतेक ठिकाणी दोन नगरसेवक असतात, तर पहिला मान त्या दुसऱ्या सदस्याचा, मग पक्ष वेगळा का असेना. निवडणुकीत काय बोलणं झालं ते सोडा आणि समोर बसून सांगा की ताई किंवा दादा, मी इतके दिवस नाहीये, माझ्या बाजूच्या गल्ल्यांचंही बघा, सभेत अमुक विषय आला तर बोला. सभेत बोलायचा आणि मत द्यायचा अधिकार त्यांनाच आहे, तुमच्या कार्यकर्त्याला नाही. तुमचा एखादा विषय विषयपत्रिकेवर यायला हवा असेल तर तसं पत्र जायच्या आधीच देऊन त्याची एक कॉपी त्यांच्या हातात द्या. रोजच्या कामाला मात्र एक वेगळा माणूस लागतोच, जो प्रभागात राहतो, फोन उचलतो आणि लोकांवर ओरडत नाही. बचत गट चालवणाऱ्या बायका हे काम फार छान करतात, त्यांना घराघरातलं माहीत असतं.

आणि इथे स्पष्टच लिहिते. अर्ध्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि बाई बाळंतपणाला गेली की मिस्टर थेट मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये बसून सूचना द्यायला लागतात हे बऱ्याच गावांत चालतं. घरच्यांनी मदत जरूर करावी, गाडी काढावी, निरोप घ्यावेत, पण सभागृहात बसणं, अधिकाऱ्यांना आदेश देणं, बायकोच्या शिक्क्याचा वापर करणं हे नाही म्हणजे नाही. हे जायच्या आधी घरात बोला आणि ऑफिसमध्येही सांगून ठेवा की माझ्या नावाने तोंडी सांगितलेलं काही धरू नका, माझं पत्र किंवा माझा फोन आला तरच.

शिक्का आणि लेटरहेड कुलपात. कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून ठेवायचा मोह होतो, लोकांची अडचण नको म्हणूनच होतो, तरी करू नका, त्या कागदावर उद्या कोण काय लिहील ह्याचा भरवसा नाही आणि जबाबदारी तुमची राहील. जास्त गर्दी आधारच्या कामाला असते, पत्ता बदलायला ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, पण ते दुसरा नगरसेवक, आमदार, तहसीलदार किंवा राजपत्रित अधिकारीही देऊ शकतात, तर ही नावं आणि भेटायच्या वेळा एका कागदावर लिहून ऑफिसच्या दारावर लावा. ज्यांचं काम अगदी ठरलेलं आहे त्यांना जायच्या आधी बोलवून देऊन टाका, ते प्रमाणपत्र सहीच्या तारखेपासून तीन महिने चालतं. जन्म-मृत्यू दाखल्याला नगरसेवक लागतच नाही, हेही त्याच कागदावर लिहा, विनाकारण चकरा वाचतील. मदतनिसाला सांगा लोकांचे आधारचे फोटो मोबाईलमध्ये साठवून ठेवायचे नाहीत, काम झालं की डिलीट.

एक वही करा, साधी दोनशे पानी चालेल. त्यात चालू असलेली प्रत्येक तक्रार, कोणाकडे अर्ज दिला, आवक नंबर काय, पुढे कोणाला भेटायचं. मागे व्हॉल्वमन, मुकादम, घंटागाडीचा ड्रायव्हर, स्ट्रीटलाईटवाला, पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर, आरोग्य निरीक्षक ह्यांचे नंबर, आणि तुमच्या माणसाची त्या सगळ्यांशी एकदा प्रत्यक्ष ओळख करून द्या, नुसता नंबर देऊन कोणी दाद देत नाही. कोणत्या गल्लीत पाणी किती वाजता येतं, कुठल्या म्हाताऱ्या आजी एकट्या राहतात आणि टँकर आला की त्यांना कळशी भरून द्यावी लागते, हे तुमच्या डोक्यात असतं, कुठल्याच फायलीत नसतं, ते पण लिहा. मे-जूनमध्ये जाणार असाल तर नालेसफाई कुठली झाली, कुठली राहिली, फोटोसकट. चतुर्थ वार्षिक कर आकारणीच्या, म्हणजे दर चार वर्षांनी घरपट्टी नव्याने ठरते त्याच्या, नोटिसा निघायच्या असतील तर हरकतीची मुदत लोकांना आधीच सांगून ठेवा, ती एकदा गेली की वाढलेली घरपट्टी उरावर बसते.

प्रभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाका, कधीपासून कधीपर्यंत नाही, कोणाला फोन करायचा, सभेत कोण बोलणार. आजारपण काय ते सांगायची गरज नाही. आणि ग्रुपवर नसलेल्यांसाठी तोच मजकूर रेशन दुकानाशेजारी, देवळाच्या आणि दर्ग्याच्या बोर्डावर. आठवड्यातून एकदा, शक्य असेल तर, मदतनिसाशी वही समोर ठेवून फोनवर बोला, तब्येत बरी नसेल तर तेही नको, मग दुसऱ्या सदस्यांनी वही बघायची हे आधी ठरवून ठेवा. परत आल्यावर झालेल्या सभांची इतिवृत्तं मागून घ्या आणि पुढच्या सभेत ती कायम होण्याआधी वाचून काढा.