रॉबर्ट बर्ड यांचं चरित्रटिपण लिहायला बसताना

आधी तारखांचा तक्ता करा. रॉबर्ट बर्ड हे अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याचे राजकारणी. जानेवारी १९५३ पासून सहा वर्षं ते प्रतिनिधीगृहात, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात होते. ३ जानेवारी १९५९ ला सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात आले आणि २८ जून २०१० ला निधन होईपर्यंत तिथेच राहिले. निवडणूक नोव्हेंबरात होते, पण मुदत पुढच्या ३ जानेवारीपासून मोजतात. ‘१९५८ साली सिनेटर झाले’ असं लिहिलंत की पुढची बेरीज चुकलीच. ती कितवी काँग्रेस (दोन वर्षांची अमेरिकी संसद) हे काढायला विषम सालातून १७८९ वजा करा, दोनाने भागा, एक मिळवा. १९५९ ला ८६वी येते.

नावात हमखास घोळ होतो. त्यांचं जन्मनाव कॉर्नेलियस कॅल्विन सेल. १९१८ च्या फ्लूच्या साथीत आई गेली, तेव्हा बर्ड आडनावाच्या नातेवाईक दांपत्याने त्यांना वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसापट्ट्यात वाढवलं. शेजारच्या व्हर्जिनियाचे हॅरी बर्ड, बाप आणि मुलगा, पाठोपाठ सिनेटमध्ये होते. जुन्या कागदांत नुसतं ‘सिनेटर बर्ड’ दिसलं तर राज्य पाहिल्याशिवाय वाक्य उचलू नका.

सर्वांत जास्त वेळ मतदानाच्या नोंदींना द्या. प्रत्येक मतासमोर चार गोष्टी लिहा: तारीख, ठराव, मत आणि मतदान नेमकं कशावर होतं. हा चौथा रकाना गाळला की अर्थ बिघडतो. १९६४ च्या नागरी हक्क विधेयकाला विरोध करत बर्ड रात्रभर, चौदा तासांहून जास्त बोलले. भाषण १० जूनच्या सकाळी संपलं. त्याच दिवशी ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा आवरण्याचा ठराव झाला. हे मत चर्चा थांबवण्यावर होतं. खुद्द विधेयकावरचं मतदान १९ जूनचं. बर्ड यांनी तिथेही विरोध केला. दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवा. तसंच, हरलेला ठराव पुन्हा मांडता यावा म्हणून बहुमतनेता (सिनेटमधल्या बहुमतातल्या पक्षाचा नेता) कधी कधी मुद्दाम जिंकणाऱ्या बाजूने मत देतो. बर्ड १९७७ ते १९८१ आणि १९८७ ते १९८९ बहुमतनेते होते, म्हणून त्या काळातलं एखादं विसंगत मत पाहून ‘भूमिका बदलली’ असं लिहू नका.

१९४० च्या दशकातलं कु क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेचं सदस्यत्व स्पष्ट शब्दांत लिहा आणि ती आपली मोठी चूक होती हे त्यांनी पुढे वारंवार मान्य केलं, तेही लिहा. एक गाळून दुसरं लिहिणं वाचकावर अन्याय आहे.

‘सर्वाधिक काळ’ म्हणताना सभागृह सांगा. संपूर्ण काँग्रेसमधला त्यांचा विक्रम जून २०१३ मध्ये प्रतिनिधीगृहाचे सदस्य जॉन डिंगेल यांनी मोडला. सिनेटमधला, ५१ वर्षांहून अधिक काळाचा, अजून बर्ड यांच्याच नावावर आहे.