व्यायाम चालू, तरी मनावर ताबा नाही? या चुका टाळा

माझ्या व्यायामवर्गाच्या पहाटेच्या बॅचला येणारी नवी मंडळी हल्ली वजनाबरोबर आणखी एक तक्रार आणतात: कामात लक्ष टिकत नाही, पटकन चिडचिड होते, हातातला फोन सुटत नाही. व्यायामानं डोकं सुधारतं, असं कुठंतरी वाचलेलं असतं. ते खोटं नाही. मोह आवरणं, दोनचार गोष्टी एकदम डोक्यात ठेवणं, एका कामातून दुसऱ्यात शिरणं, या सगळ्याला हालचालीचा उपयोग होतो. २००३ मध्ये कोलकोम आणि क्रेमर या संशोधकांनी ज्येष्ठांवरचे बरेच प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा एरोबिक, म्हणजे चालणं-धावण्यासारख्या दम वाढवणाऱ्या व्यायामाचा सर्वाधिक लाभ याच कामांना झालेला दिसला. पण लोक त्यात घोळ घालतात.

सकाळी घाम गाळला, आता दिवसभर बसायला मोकळे

माझी सगळ्यात नावडती चूक. हिंजवडीत टीम लीड असलेले एक गृहस्थ माझ्याकडे यायचे. सकाळी तासभर धावणं, मनगटावर महागडं घड्याळ. पुढं मात्र गाडीत बसून ऑफिस, नऊ तास खुर्ची, टेबलावर पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, चहासुद्धा जागेवर. संध्याकाळी ज्युनिअर पोरांना झोंबणारे मेल पाठवायचे आणि रात्री पस्तावायचे. मला म्हणाले, "सर, अजून अर्धा तास वाढवू का?"

वाढवायचं काहीच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय आणि बसणं कमी करा, हे वेगळं सांगितलंय. आठ तासांची झोप वजा केली तर आठवड्याचे ११२ तास उरतात. त्यातले अडीच-पाच तास व्यायामात गेले, बाकीच्यांचं काय? त्यावर साहेबांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला २०१६ चा अभ्यास काढला: रोज ६० ते ७५ मिनिटं हालचाल केली की जास्त बसण्याचा धोका पुसला जातो. अहो, तो धोका मृत्यूचा होता, चिडचिडीचा नव्हे! उलट २०१९ च्या एका प्रयोगात ५५ ते ८० वयाच्या लोकांनी सकाळी व्यायाम केला आणि नंतर दर अर्ध्या तासानं उठून तीन मिनिटं चालले. नुसतं बसून काढलेल्या दिवसापेक्षा त्या दिवशी दोनचार गोष्टी एकदम डोक्यात ठेवणारी त्यांची स्मृती चांगली चालली.

मी त्यांच्या बाटल्या बंद केल्या. स्टीलचा पेला ठेवा, संपला की उठा. फोन आला की उभं राहून बोला. रागाचा मेल ड्राफ्टमध्ये टाकून पाणी आणायला जा, परत येऊन वाचा. गृहस्थ संत झाले नाहीत, पण बरेचसे मेल ड्राफ्टमध्येच राहू लागले.

मनाचा निग्रह नाही, म्हणून निग्रहानं सुरुवात

जानेवारीतली मंडळी. वर्षभराची फी एकदम, रोज दीड तास, साखर बंद, आणि संक्रांतीचा तिळगूळ खाऊन गायब. व्यायाम आणि मनाचा ताबा यांचं नातं दोन्ही बाजूंनी चालतं. इंग्लंडमधल्या ज्येष्ठांची काही वर्षं पाहणी करून २०१५ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा: हालचालीनं ताबा ठेवायची ही क्षमता टिकते आणि ज्यांची क्षमता चांगली, तेच हालचाल टिकवतात. म्हणजे ज्याचा ताबा आधीच कमी, त्यानं सगळ्यात जास्त ताबा मागणारा बेत आखायचा, हा उफराटा कारभार झाला. माझ्याकडे पहिला महिना फक्त चालणं, तेही ठरलेल्या वेळी, बूट दाराशी काढून ठेवून. कंटाळवाणं आहे, माहीत आहे. घाई असेल त्यांनी दुसरी बॅच बघावी.

बाकीच्या, थोडक्यात

१०,००० पावलांचा हट्ट: हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, प्रयोगशाळेतून नव्हे.

उभं राहायचं टेबल घेतलं की झालं: खांबासारखं उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे.

सगळं बसणं सारखंच मानणं: साठीपुढच्या ब्रिटिश लोकांच्या २०२२ मधल्या अभ्यासात जास्त टीव्ही बघणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त दिसला, कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांत कमी. यात कारण काय आणि परिणाम काय, हे ठरत नाही, पण मालिका आणि हिशोबाचं काम एका मापानं मोजू नका.

झोप कापून व्यायाम: रात्री एक वाजता झोपून पहाटे पाचला बॅचला येणाऱ्याला मी दारातूनच घरी पाठवतो, फी भरलेली असली तरी.